बल्ब तोच, खोली बदलली की उजेड वेगळा का दिसतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मी लेखात म्हटलं होतं की एलईडीचा उजेड घरात कसा दिसेल हे भिंती, सीलिंग आणि फरशीसुद्धा ठरवतात. त्यावर सरांचं म्हणणं असं की रंग खोक्यावर छापलेला असतो, ४००० केल्विन (उजेड किती पिवळसर की निळसर ते सांगणारा आकडा) म्हणजे ४०००, भिंत काय तो बदलणार, आणि समजा बदललाच तरी डोळे जुळवून घेतात, तेव्हा असलं लिहून मी हलक्या मालाला पळवाट काढून देतोय. तुम्ही स्वतः इलेक्ट्रिकलच्या दुकानात बसता, "हा बल्ब पिवळा निघाला" म्हणून परत आलेला माल तुम्हालाच बघावा लागतो, त्यामुळे तुमची चिडचिड मी समजू शकतो.

आधी खोक्यावरच्या आकड्याचं बघू. तो मोजायला बल्ब एका मोठ्या पोकळ गोलात ठेवतात, जर्मन इंजिनिअर उल्ब्रिख्त यांच्या नावाने ओळखला जातो तो गोल, आणि त्याला आतून पांढराशुभ्र लेप असतो, बऱ्याचदा बेरियम सल्फेटचा. पांढराच का, तर आत उजेड परतून परतून आपटत राहतो, आणि लेप जरासा जरी पिवळा पडला तरी रीडिंग पिवळ्याकडे सरकतं, म्हणून अधूनमधून कॅलिब्रेशन करावंच लागतं. म्हणजे आजूबाजूच्या पृष्ठभागाने रंग बदलतो हे मोजणाऱ्यांनी आधीच धरलेलं आहे सर. तुमचा ४००० चा आकडा अगदी बरोबर आहे, फक्त तो पांढऱ्या गोलातला आहे, गिऱ्हाईकाच्या पीच कलरच्या बेडरूममधला नाही.

आता ही पीच कलरची भिंत कितीसा फरक पाडणार, तर हिशोब करून बघा. समजा ती भिंत लाल-पिवळा उजेड १०० पैकी ८० परत फेकते आणि निळा १०० पैकी ५०. एकदा आपटून आलेल्या उजेडात ८० ला ५०. तो समोरच्या भिंतीवर गेला, तीही त्याच रंगाची, परत आला तेव्हा ६४ ला २५. तिसऱ्यांदा साधारण ५१ ला साडेबारा, म्हणजे चौपट फरक, आणि भिंत बघितली तर अगदी फिकी! कापडाला त्याच रंगात पुन्हा पुन्हा बुचकळावं तसं होतं हे. खरी खोली याहून बरी असते कारण सीलिंग बहुधा पांढरं असतं, खिडक्या असतात, आणि बल्बचा थेट उजेडही मिसळतो. पण छोटी खोली, चारही भिंती एकाच रंगाच्या, आणि त्यात फॉल्स सीलिंगच्या खाचेत लपवलेली स्ट्रिप असेल तर थेट उजेड जवळपास शून्य. तिथे डोळ्यापर्यंत पोचणारा जवळजवळ सगळा उजेड कुठेतरी आपटूनच आलेला असतो, आणि तुमच्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये अशा कोव्ह लाइटवाल्या खोल्या किती हे एकदा विचारून बघाच. सीलिंगच्या पॅनेलचं वेगळं, तो उजेड सरळ खाली पडतो त्यामुळे तिथे आधी फरशी बोलते, लालसर टाइल्स असतील तर तोच लालसरपणा खालून वर येतो.

डोळे जुळवून घेतात हे खरंच आहे, पण पूर्ण नाही. आणि एकाच खोलीत टेबलावर थेट उजेड आणि कोपऱ्यात भिंतीवरून आलेला असे दोन रंग एकाच वेळी असले तर डोळ्यांनी कोणाशी जुळवून घ्यायचं? शिवाय शेजारच्या रंगाचा परिणाम वेगळाच. मिशेल शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते, तिथे तक्रार यायची की काळा धागा नीट काळा दिसत नाही. त्यांनी दुसरीकडचे काळे धागे आणून तुलना केली, रंगात खोट नव्हती, धागा निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला की फिका दिसायचा. त्यावर त्यांनी १८३९ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. तुमच्या काउंटरवर येतो तो प्रश्न याच जातीचा आहे.

हलक्या मालाचं मात्र मला तुमच्याइतकंच वाईट वाटतं, आणि तिथे पृष्ठभाग उलट चोर पकडून देतो. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि त्यावर पिवळसर फॉस्फर, म्हणजे निळ्या उजेडातला काही भाग पिवळ्या-लालात बदलणारा लेप. स्वस्त मालात गडद लाल फार कमी असतो, आणि सीआरआयचा (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याच्या मापाचा) नेहमीचा आकडा ज्या आठ नमुन्यांवरून काढतात त्यात गडद लाल नाहीच, तो आर-नाइन म्हणून वेगळा मोजतात. म्हणून दोन बल्ब पांढऱ्या भिंतीवर सारखे दिसतील आणि सागवानी कपाटासमोर किंवा कुंकवाच्या रंगाच्या साडीवर एक मेलेला वाटेल. तिथे दोष बल्बचाच, मी तो झाकत नाहीये.

मग दोष कुणाचा हे कसं ठरवायचं, तर दोन खोल्यांतले बल्ब अदलाबदल करायला सांगा. पिवळेपणा बल्बसोबत दुसऱ्या खोलीत गेला तर बल्ब बदलून द्या, तिथेच राहिला तर खोलीचा रंग. फोनने फोटो काढून पाठवणार असतील तर प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स (फोनने पांढरं कशाला धरायचं ती सेटिंग) फिक्स करायला सांगा, ऑटोवर फोन स्वतःच रंग सुधारतो आणि फरक गायब होतो. अजून सोपं म्हणजे एक कोरा कागद बल्बकडे तोंड करून धरायचा, मग तसाच भिंतीजवळ भिंतीकडे वळवून धरायचा. पिस्ता ऑइलपेंटच्या स्वयंपाकघरात कागद हिरवट झालेला लगेच दिसतो.

आणि तुम्ही विचारलंत की गिऱ्हाईकाने काय भिंती खरवडायच्या का, तर अजिबात नाही. सीलिंग पांढरं ठेवावं, आणि जिथे रंग कळायला हवा तिथे थेट उजेड द्यावा, म्हणजे ओट्यावर कपाटाखाली पट्टी, आरशाच्या दोन्ही बाजूंना दिवे. पिस्ता भिंतीवर वॉर्म बल्ब लावून हिरवटपणा जात नाही, तो प्रयोग लोक फार करतात आणि मग तोही बल्ब तुमच्याकडे परत येतो.