बारा बोअरने बिबट्याचा प्रश्न सुटेल, या संदेशाचा प्रतिवाद

चाळीसगावपासून यावल-रावेरपर्यंत शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: गावागणिक बारा बोअरच्या दोन बंदुका द्या, महिनाभरात बिबट्या उरणार नाही, या बंदुकीची नळी रायफलीच्या दुप्पट रुंद असल्यामुळे तिचा मारही दुप्पट आहे, छर्ऱ्याच्या काडतुसाला नेम धरावा लागत नाही, औट्रम या इंग्रज लष्करी साहेबाने अशाच बंदुकांनी खान्देशातले वाघ संपवले, आणि आजचा कायदा मात्र स्वतःचा जीव वाचवण्यासाठीही बंदूक उचलू देत नाही. ज्याने हा संदेश लिहिला त्याचा संताप मला समजतो. वीज रात्रीची येते म्हणून अंधारात केळीला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाची घालमेल मी घरातच पाहिली आहे, आणि आमच्या आजोबांकडे पीकरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूकही होती. पण या संदेशावर विश्वास ठेवून कोणी खरोखरच बंदूक घेऊन बागेत शिरला, तर तो मरेल, ही मला भीती वाटते. म्हणून हे लिहितो आहे.

पहिला मुद्दा नळीच्या रुंदीचा. बारा बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटरची आणि आपल्याकडे परवान्यावर मिळणारी .३१५ रायफल साधारण ८ मिलिमीटरची असते, हे मोजमाप खरे आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. बोअरचा आकडा असा ठरतो: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. चार बोअरची गोळी पाव पौंडाची, म्हणजे सुमारे ११३ ग्रॅमची होते. एकोणिसाव्या शतकात हत्तीसारख्या जनावरांवर अशा बंदुका चालवल्या जात, कारण बंदुकीच्या काळ्या दारूने गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढत नसे आणि मार वाढवायचा तर गोळीचे वजन वाढवण्याशिवाय गत्यंतर नसे. मग बंदूक नऊ-दहा किलोची होई, धक्क्याने खांदा निकामी होई आणि धुरात समोरचे जनावर दिसेनासे होई. १८९८ मध्ये रिग्बी कंपनीने धूरविरहित दारूवरचे .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणले. त्यातली साधारण ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६५० मीटर वेगाने सुटत असे, आणि अशा काडतुसांपुढे चार व आठ बोअरच्या अवजड बंदुका लवकरच मागे पडल्या. रुंद नळीच श्रेष्ठ असती, तर हत्तीच्या शिकाऱ्यांनीच ती सोडून दिली नसती.

जनावर पडते ते गोळी किती खोल आणि नेमकी कुठे पोहोचली यावर. कातडी, स्नायू आणि खांद्याचे हाड भेदून हृदय-फुप्फुसांपर्यंत जायला गोळी तिच्या रुंदीच्या मानाने लांब आणि जड असावी लागते. गवा किंवा हत्ती यांच्यासाठी न पसरणारी, कठीण कवचाची गोळी वापरतात, तर वाघ-बिबट्यासारख्या पातळ कातडीच्या जनावरासाठी आत जाऊन फुलणारी. १९१२ मध्ये आलेल्या आणि अवघ्या साडेनऊ मिलिमीटरच्या .३७५ मॅग्नम रायफलीची १९ ग्रॅमची गोळी नळीतून सुटताना ५,७०० जूलच्या आसपास ऊर्जा घेऊन जाते. बारा बोअरच्या एलजी, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांच्या, काडतुसातला एक दाणा सुमारे साडेचार ग्रॅमचा असतो. त्याच्या वाट्याला ३०० जूलच्या आसपास ऊर्जा येते, आणि गोल दाण्याचा वेग हवेत झपाट्याने कमी होतो.

छर्ऱ्याला नेम लागत नाही, हा दावा तर संदेशातला सर्वांत घातक भाग आहे. एलजीच्या काडतुसात मोजकेच दाणे असतात आणि साध्या नळीतून ते ढोबळमानाने दर मीटरला अडीच सेंटिमीटर पसरतात. तीस मीटरवर ते पाऊण मीटरच्या घेरात विखुरलेले असतात, आणि बिबट्याच्या शरीरातला प्राणघातक भाग मात्र जेमतेम वीतभर. म्हणजे एखादा दाणा पोटात, एखादा मांडीत आणि उरलेले केळीच्या खांबांत. असे जनावर मरत नाही, पळून दूरही जात नाही. ते जवळच्या आडोशाला दबा धरून बसते आणि पुढे येणाऱ्यावर चार-पाच पावलांवरून झेपावते. जखमी बिबट्याचा माग काढणे हे शिकारीतल्या सर्वांत धोक्याच्या कामांपैकी एक आहे, हे जुने शिकारी सांगत. अशा वेळी दाट झाडीत, पाच-दहा पावलांच्या आत, एलजी भरलेली दुनळी बारा बोअर सरावलेल्या हातात खरोखर उपयोगी पडते, हे मान्य केले पाहिजे. पण तो उपयोग आधीच जखमी झालेल्या जनावराला संपवण्याचा आहे. बॅटरीच्या उजेडात तीस-चाळीस मीटरवर बार टाकणारा मात्र ते जखमी जनावर स्वतःच तयार करतो, आणि सकाळी त्याच बागेत घड कापायला मजूर जातात.

आता औट्रमविषयी. जेम्स औट्रमने १८२५ पासून खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, हे खरे. चाळीसगाव-कन्नड दरम्यानच्या घाटाला आणि गौताळा अभयारण्याच्या नावाला त्याचे नाव आजही जोडलेले आहे, आणि तो साथीदारांसह वाघांच्या असंख्य शिकारींत होता, हेही खरे. पण त्या काळी आजचे बारा बोअरचे काडतूस जन्मालाच आले नव्हते. त्या बंदुका तोंडाकडून ठासायच्या होत्या. शिकार साधत होती ती मुख्यतः पाणवठा, पायवाट आणि पंजाचा ठसा ओळखणाऱ्या भिल्ल मागकऱ्यांमुळे आणि आरडाओरड करून जनावर बाहेर काढणाऱ्या हाकेवाल्यांमुळे, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ते कौशल्य वगळून केवळ बंदुकीला श्रेय देणे हा आपल्याच माणसांवर अन्याय आहे. शिवाय खान्देशातला वाघ बंदुकीइतकाच नांगराने आणि कुऱ्हाडीने मागे हटला. बिबट्याचे उलट आहे: ऊस आणि केळी वाढली तसा त्याला गावालगतच आडोसा मिळाला.

कायद्याबद्दलचे विधान तर सरळ खोटे आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी सद्भावनेने वन्यप्राण्याला मारणे किंवा जखमी करणे हा गुन्हा नाही. फक्त त्या वेळी ती व्यक्ती या कायद्याविरुद्ध काही करत नसावी. जनावर माणसाच्या जिवावर उठले असेल आणि त्याला पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नोंदवून मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतो. २०१७ च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात माणसे मारणाऱ्या बिबट्याला असाच गोळी घालून संपवण्यात आले. ते काम अनुभवी नेमबाजाने केले, गावातल्या दोन बंदुकांनी नव्हे.

ज्यांना हा संदेश पुढे पाठवावासा वाटतो, त्यांनी त्याऐवजी दोन मागण्या पाठवाव्यात: शेतीची वीज दिवसा द्या, आणि रायफल, बेशुद्धीची बंदूक व माग काढणारी माणसे असलेले प्रशिक्षित पथक तालुक्याच्या ठिकाणी कायमचे ठेवा. पहिल्या मागणीने माणूस अंधारात बागेत जाणेच थांबेल, आणि दुसरीने बागेत शिरायची वेळ आलीच तर तिथे जाणारा माणूस पाणी द्यायला आलेला सालदार नसेल.