म्हणे मेक्सिकन नटच नव्हते!

'टच ऑफ इव्हिल' या हॉलिवूडपटात मेक्सिकन नायक रंगवला चार्ल्टन हेस्टन या गोऱ्या अमेरिकन नटाने. त्याचा विषय निघाला, की कुणीतरी ते वाक्य टाकतंच: "अहो, त्या काळी असंच चालायचं. मेक्सिकन नट होतेच कुठे तेव्हा?" आणि बाकीचे माना डोलावतात. डोक्यात जातं हे माझ्या. दरवेळी जातं.

होते ना! अँथनी क्विन मेक्सिकोतल्या चिवावात जन्मला. १९५८ साली हा चित्रपट आला, तोवर त्याला दोन ऑस्कर मिळाली होती. मेक्सिकन नट रिकार्डो मॉन्टालबान होता. त्याने तर १९४९ सालीच 'बॉर्डर इन्सिडेंट'मध्ये सीमेवरचा मेक्सिकन सरकारी अधिकारी रंगवला होता. तोही हॉलिवूडचाच, तोही नॉयर, म्हणजे अंधाऱ्या गुन्हेपटांच्या पठडीतलाच, आणि हा चित्रपट यायच्या नऊ वर्षं आधी! तेव्हा नट नव्हते ही थाप बंद करा. नट होते, स्टुडिओला मोठा स्टार हवा होता. 'टेन कमांडमेंट्स'नंतर चार्ल्टन हेस्टनचं नाव खणखणीत वाजत होतं, आणि ऑर्सन वेल्सकडे दिग्दर्शन आलं तेही हेस्टनने आग्रह धरला म्हणून. सरळसरळ व्यवहार होता हा. त्यावर 'काळा'चं पांघरूण कशाला घालता?

आणि केलं काय, तर तपकिरी मेकअप फासला, केस काळे केले, वर मिशी दिली. बोलणं मात्र अस्सल अमेरिकन!

स्फोटाचा संशय असलेल्या सांचेझ या मेक्सिकन तरुणाच्या घरातला, पोलिसांच्या झडतीचा प्रसंग नीट बघा एकदा. कॅमेरा त्या कोंदट खोल्यांमधून माणसांच्या मागे मागे फिरतो, मध्ये कट जवळजवळ नाहीच. हेस्टनचा वार्गास, म्हणजे तो मेक्सिकन नायक, हात धुवायला न्हाणीघरात जातो, त्याचा धक्का लागून बुटांचं खोकं पडतं. रिकामं. थोड्या वेळाने पोलिसांना त्याच खोक्यात डायनामाइट 'सापडतं'. सांचेझ स्पॅनिश बोलायला लागला, की वेल्सने स्वतः रंगवलेला अमेरिकन पोलीस अधिकारी क्विनलन त्याला इंग्रजीत बोल म्हणून दरडावतो. हा सांचेझ म्हणजे व्हिक्टर मिलान, लॅटिनो (लॅटिन अमेरिकन मुळांचा) नट. आता दोघांचे चेहरे एका चौकटीत बघा. खऱ्याच्या वाट्याला आरोपी, आणि नायक रंगवलेला! हे दिसत नाही तुम्हाला? दिसूनही 'काळ तसा होता' म्हणता?

दुसरी जमात याहून वैताग आणते. हेस्टनची मिशी दिसली की दहाव्या मिनिटाला टीव्ही बंद, आणि वर सगळीकडे सांगत फिरायचं की चित्रपट वंशद्वेषी आहे. अरे, पुढचं बघा तरी! मूळ कादंबरीत नायक अमेरिकन आहे आणि बायको मेक्सिकन. वेल्सने ते उलटं केलं. मेक्सिकन अधिकारी सचोटीचा, त्याची नवी नवरी अमेरिकन, आणि खोटे पुरावे पेरणारा पोलीस अमेरिकन. तीन मिनिटांहून लांब चालणारा तो सुरुवातीचा शॉट त्या जोडप्याच्या चुंबनापाशी येतो आणि स्फोट होतो. १९५८ च्या अमेरिकेत हे दाखवायला हिंमत लागत होती. ती हिंमत कथेत दाखवणाऱ्याने नट निवडताना माती खाल्ली, म्हणूनच इतका जीव जळतो ना माझा! चित्रपट टाकाऊ असता तर कोण कशाला भांडत बसलं असतं?

यावर शेवटचं ठेवणीतलं अस्त्र बाहेर येतं: "नटाचं काम अभिनय करणं. मार्लेन डिट्रिच जर्मन असून काळा टोप घालून मेक्सिकन गावातली तान्या झालीच की!" झाली, आणि तिच्या प्रत्येक वाक्याला मी जीव टाकते. पण तिची ती पाच-सात मिनिटांची भूमिका. वार्गास अख्ख्या चित्रपटाचा नायक आहे, आणि तो मेक्सिकन आहे यावरच सगळी गोष्ट उभी आहे. आणि अभिनयच पुरेसा होता, तर मग हेस्टनच्या तोंडाला रंग कशाला फासला?