‘गोळ्या बंद कर, व्हिसा जाईल’

सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा तो लांबलचक मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘परदेशातल्या मुलांचं डिप्रेशन : पालकांनो, सावध!’ आमच्या ताईने तो वाचला आणि अमेरिकेत एमएस करणाऱ्या लेकीला, म्हणजे माझ्या भाचीला, फोनवर फर्मान सोडलं, डिप्रेशनच्या गोळ्या बंद. पोरीने ऐकलंही. चार दिवसांत चक्कर, मळमळ, रात्रभर जाग. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेजमधला सगळ्यात घातक मुद्दा असा : ‘समुपदेशकाकडे गेलं की विद्यापीठ दूतावासाला कळवतं आणि व्हिसा रद्द होतो.’ साफ खोटं. समुपदेशक असं काही कळवत नाही. जिवाला धोका दिसणं, अशा मोजक्याच प्रसंगी तो गोपनीयता मोडू शकतो. उलट अमेरिकेच्या एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या नियमांतच (८ सीएफआर २१४.२) आजारी विद्यार्थ्याची सोय आहे. डॉक्टर किंवा परवानाधारक क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र आणलं, की विषय कमी करता येतात, गरज पडली तर सगळेच सोडता येतात, आणि स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथे राहायची मुभा, शाबूत राहतं. एका पदवीच्या पातळीवर अशी सवलत एकूण १२ महिने. महत्त्वाची अट : आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या डीएसओची (विद्यार्थी व्हिसाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी घ्यायची. स्टेटस जातं ते न विचारता विषय सोडले की. म्हणजे हा मेसेज वाचून जो गप्प बसेल, अंथरुणातून उठवत नाही म्हणून परस्पर वर्ग सोडेल, त्याचाच व्हिसा धोक्यात!

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात मानसिक आजाराचा प्रश्न असतो. पण तो स्वतःला किंवा इतरांना धोका ठरेल अशा आजाराबद्दल आहे. नुसतं नैराश्याचं निदान म्हणजे तो धोका नव्हे.

मेसेजमधला पुढचा मुद्दा, ‘गोळ्यांची सवय लागते.’ दारूसारखी तलफ या गोळ्यांची लागत नाही. मात्र त्या एकदम तोडल्या की त्रास होतो, म्हणून डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. मेसेजवाल्या काकांनी नेमकं उलटं करायला सांगितलं.

‘ब्रिटनमध्ये उपचार परवडत नाहीत.’ अहो, विद्यार्थी व्हिसासोबतच वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरून घेतात. भरलेल्या पैशांचा डॉक्टर आहे, जा त्याच्याकडे.

‘लाडावलेली मुलं’ यावर काय बोलायचं? घर तारण ठेवून कर्ज काढलंय, दुपारी साडेचारला अंधार पडतो, आणि ‘कशी आहेस’ला ‘मस्त’ असंच उत्तर द्यायचं, हे लाड?

राहिला ‘घरचं जेवण आणि सूर्यनमस्कार’. वाईट काहीच नाही त्यात. ताईने ऑगस्टमध्ये दोन किलो भाजणी दिली होती. डिसेंबरात भाचीने कॅमेरा फिरवला तेव्हा पिशवी फळीवर तशीच, टेपसुद्धा काढलेली नव्हती. थालीपीठ थापायला आधी उठवायला तर हवं!

आता डॉक्टरांना विचारून गोळ्या पुन्हा सुरू झाल्यात आणि डीएसओची भेट गुरुवारी आहे. रात्री-अपरात्री फारच वाटलं तर तिथे ९८८ या मदतीच्या हेल्पलाइनला फोन किंवा मेसेज करता येतो, हेही तिला सांगून ठेवलंय. आणि इथे ताईसारख्या घाबरलेल्या आईबापांसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मराठीतही बोलतात.

परवा ताई आपणहून म्हणाली, ‘ती भाजणी टाकून दे गं, खवट झाली असेल.’