‘अनअव्हेलेबल’ दिसलं म्हणजे जीडीबी गंडला असं नव्हे

जीडीबी हा डीबगर, म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या आत डोकावायचं साधन. रजिस्टरं म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागा. त्यांबद्दल डीबगिंगचा एक सल्ला सगळीकडे फिरत असतो: “रजिस्टरच्या जागी ‘अनअव्हेलेबल’ किंवा ‘नॉट सेव्ह्ड’ आलं की समजा जीडीबी गंडलाय. -ओ0 लावून पुन्हा बिल्ड करा, सगळं दिसेल. खरं तर त्याने सरळ शून्यच दाखवायला हवं.” तीन वाक्यं आहेत आणि तिन्हींत घोळ आहे.

-ओ0 चं, म्हणजे कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद करणाऱ्या पर्यायाचं, आधी उरकून टाकू. त्याने सहसा सुटतं ते ‘ऑप्टिमाइज्ड आउट’चं दुखणं. तिथे कंपायलरने व्हेरिएबल त्या ठिकाणी कुठेच ठेवलेलं नसतं, त्यामुळे डीबग माहितीतही त्याचा पत्ता नसतो. ‘अनअव्हेलेबल’चा कंपायलरशी संबंधच नाही.

मग ते येतं कुठून? चालत्या प्रोग्रामवर ट्रेसपॉइंट (प्रोग्राम अडवून न ठेवता ठरावीक जागी नोंद टिपणारी खूण) लावलात आणि अ‍ॅक्शनमध्ये फक्त एक ग्लोबल व्हेरिएबल ‘कलेक्ट’ करायला सांगितलंत. नंतर ‘टीफाइंड’ने त्या नोंदीवर जाऊन आरएएक्स हे रजिस्टर मागितलं, तर ते येणार कुठून? त्या क्षणी कुणी टिपलंच नव्हतं. रिमोट स्टब (प्रोग्रामच्या बाजूला बसून जीडीबीशी बोलणारा छोटा कोड) ‘जी’ पॅकेटच्या, म्हणजे रजिस्टरं मागणाऱ्या निरोपाच्या, उत्तरात अशा रजिस्टरच्या हेक्स अंकांच्या जागी नुसते ‘एक्स’ पाठवतो, 64 बिटांच्या रजिस्टरला ओळीने 16. जीडीबीच्या रजिस्टर कॅशमध्येही यासाठी वेगळी खूण आहे: अजून विचारलंच नाही, किंमत हाती आहे, आणि विचारलं पण मिळत नाही, अशा तीन अवस्था. तिसरी पडद्यावर ‘अनअव्हेलेबल’ म्हणून उमटते. ‘रेकॉर्ड बीट्रेस’मध्ये (प्रोसेसरकडून प्रोग्रामचा मार्ग नोंदवून घ्यायच्या सोयीत) मागे गेलात तरी हेच होतं, कारण प्रोसेसरने फक्त ब्रँचेस नोंदवलेल्या असतात. प्रोग्राम काउंटर (चालू सूचनेचा पत्ता) कळतो, बाकी रजिस्टरं नाहीत. (स्टबच चुकीचा लिहिलेला असेल तर गोष्ट निराळी, पण मग स्टब दुरुस्त करा.)

आता शून्याची मागणी. ही मला सगळ्यात धोकादायक वाटते, कारण शून्य ही खरीखुरी किंमत आहे. एक्स86-64 लिनक्सवर फंक्शनच्या सुरुवातीला आरडीआयमध्ये (पहिला आर्ग्युमेंट ज्यातून येतो त्या रजिस्टरमध्ये) शून्य दिसलं की पहिला आर्ग्युमेंट नल आला असंच कुणीही धरेल, आणि दिवसभर नसलेला नल पॉइंटर शोधत बसेल. जीडीबी असा खोटेपणा करत नाही. न टिपलेल्या आरएएक्समध्ये एक मिळवायला सांगा, तो ‘व्हॅल्यू इज नॉट अव्हेलेबल’ म्हणून थांबतो. स्टॅक उलगडायला लागणारं रजिस्टरच नसेल तर बॅकट्रेसही (कुणी कुणाला कॉल केलं त्याची यादी) तिथेच तोडतो आणि पुढे जायला पुरेशी रजिस्टरं किंवा मेमरी नाही असं सांगतो. एक अंदाज मात्र तो करतो: प्रोग्राम काउंटर टिपलेला नसेल तर ट्रेसपॉइंटचा पत्ताच धरतो. तेही ट्रेसपॉइंटला एकच लोकेशन असेल आणि ‘व्हाइल-स्टेपिंग’ (त्यापुढेही एकेक पाऊल टाकत टिपणं) लावलेलं नसेल तरच.

‘नॉट सेव्ह्ड’चं कारण आणखी वेगळं. लिनक्सच्या एक्स86-64 एबीआयमध्ये (फंक्शनांनी एकमेकांना कॉल करण्याच्या नियमांमध्ये) आरबीएक्स, आरबीपी आणि आर12 ते आर15 जपायची जबाबदारी कॉल झालेल्या फंक्शनवर असते. आरएएक्स, आरसीएक्स, आरडीआय वगैरे त्याने खुशाल पुसावीत. पुसली आणि जुनी किंमत कुणीच स्टॅकवर ठेवली नसेल, तर कॉलरच्या (कॉल करणाऱ्या फंक्शनच्या) फ्रेममधली, म्हणजे स्टॅकवरच्या त्याच्या हिश्श्यातली, किंमत खरोखर गेलेली असते. हे जीडीबीला कळलं की तो ‘नॉट सेव्ह्ड’ म्हणतो. -ओ0 ने एबीआय बदलत नाही.

उलट, या सल्ल्यात ज्याची भीती घालायला हवी होती ते राहूनच गेलंय. स्टॅक उलगडण्याची माहिती एखाद्या रजिस्टरबद्दल गप्प असेल आणि त्या आर्किटेक्चरचा रजिस्टरं जपण्याचा संकेतही जीडीबीला ठाऊक नसेल, तर तो ‘आतल्या फ्रेममध्ये आहे तेच बाहेरच्या फ्रेममध्येही’ असं गृहीत धरतो. म्हणून एक्स86-64 वर ‘अप’ करून (कॉलरच्या फ्रेममध्ये जाऊन) ‘इन्फो रजिस्टर्स’ दिलंत की आरएएक्ससमोर छान आकडा दिसतो. तो असतो आतल्या फ्रेमचा. एलएलडीबी हा दुसरा डीबगर अशा वेळी ती रजिस्टरं गाळतो आणि किती मिळाली नाहीत ते शेवटी सांगतो, जे मला जास्त पटतं. बहुतेकदा यात बिघडत काही नाही, कारण कॉलरला त्या किमतीशी देणंघेणं नसतं. पण तिथेच उभं राहून ‘सेट’ने आरएएक्स बदललंत, तर बदलेल ते आता चालू असलेल्या आतल्या फंक्शनचं आरएएक्स.