मातीतला खासदार आणि पक्षाचा व्हिप

निवडणूक जवळ आली की माढ्यापासून सांगोल्यापर्यंत एकच वाद पेटतो: दिल्लीला पाठवायचा माणूस शेतकरी हवा की नको? 'आपल्याला मातीतला माणूस पाहिजे,' असं गावचे मित्र फोनवर तावातावाने सांगतात. मी राहतो अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात. इथल्या लोकांनी असा माणूस अठरा वर्षं सिनेटमध्ये ठेवला होता, म्हणून या वादात बोलतो.

जॉन टेस्टर. बिग सँडी या छोट्याशा गावाजवळ आजी-आजोबांपासून चालत आलेली अठराशे एकर शेती. आकडा मोठा वाटेल, पण जमीन कोरडवाहू. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, तसं हे गाव रॉकी पर्वताच्या. नवव्या वर्षी खिमा करण्याच्या यंत्रात डाव्या हाताची तीन बोटं गेली. पुढे गावच्या शाळेत संगीत शिकवलं, शेती सांभाळली, ऐंशीच्या दशकात ती सेंद्रिय केली. राजकारणात आला तो विजेमुळे. वीज कंपन्यांवरचं सरकारी नियंत्रण काढण्याचा कायदा मोंटानात झाला, त्याच्या रागातून १९९८ साली राज्याच्या सिनेटची निवडणूक लढवली. २००६ साली थोडक्या मतांनी वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये पोचला, तरी पेरणी-काढणीला घरी येऊन ट्रॅक्टरवर बसणं सोडलं नाही.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती एक दुरुस्ती. २०१० साली अन्नसुरक्षेचा मोठा कायदा येत होता. मोठ्या कंपन्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले नियम छोट्या शेतकऱ्याच्या मानेवर बसणार होते. वर्षाची विक्री पाच लाख डॉलरच्या आत आणि बहुतेक माल जवळपासच्या गिऱ्हाइकाला थेट विकणारा शेतकरी असेल, तर त्याला यातल्या बहुतेक अटींतून सूट द्या, ही दुरुस्ती टेस्टरने एका सहकारी सिनेटरबरोबर कायद्यात घालून घेतली. स्वतः माल पिकवून विकणाऱ्यालाच हे पटकन दिसतं. इथवर आमचे मित्र बरोबर आहेत.

पण टेस्टर आपल्या पक्षाविरुद्धही मत देऊ शकत होता. त्याच वर्षी स्थलांतरितांच्या मुलांसाठीच्या विधेयकावर त्याने तसं दिलंही. ते मत मला, स्वतः स्थलांतरित असल्यामुळे, पटलं नाही. तरी त्याची जागा गेली नाही, आणि २०१२ व २०१८ साली पक्षाने त्यालाच उमेदवारी दिली.

आपल्याकडे? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. सरकार पाडण्याचा प्रश्न असो की उसाचा, कांद्याचा, व्हिप तोच. २०२० साली कृषी कायदे राज्यसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले, कोणी काय मत दिलं याची नोंदसुद्धा नाही. कांद्याची निर्यातबंदी तर सभागृहात मताला येतच नाही, अधिसूचना निघते आणि भाव पडतो. २०२३ च्या फेब्रुवारीत, बंदी नसतानाही, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, भाडं वजा जाऊन हातात दोन रुपयांचा चेक पडला. त्या दिवशी संसदेतल्या प्रत्येक खासदाराच्या नावावर सातबारा असता, तरी काय झालं असतं?

राजू शेट्टींचं उदाहरण हातकणंगल्याचं आहे, पण आपल्याला जवळचं. दोनदा खासदार, स्वतःचा पक्ष, त्यामुळे व्हिपचा धाक नाही. त्यांनी २०१८ साली कर्जमुक्तीची आणि हमीभावाच्या हक्काची खासगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेली विधेयकं, लोकसभेत मांडली. १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, तिथं एकटा माणूस किती पुरणार?

अमेरिकेचं सगळं बरं आहे असं मी म्हणत नाही. २०२४ साली टेस्टर हरला. शेतकऱ्यांचं राज्य म्हणवणाऱ्या मोंटानाने माणूस न पाहता पक्ष पाहिला, आणि मला त्याचं वाईट वाटलं.

तरीही उमेदवाराला फक्त 'किती एकर?' एवढंच विचारू नका. विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प सोडून बाकी विषयांवर व्हिप नको, या मागणीवर सही करणार का? निर्यातबंदीची अधिसूचना ठरावीक मुदतीत संसदेपुढे मताला आणा, असं पक्षाच्या बैठकीत बोलणार का? मोडनिंबच्या सभेत, टेंभुर्णीच्या सभेत, उमेदवार माइकसमोर उभा असताना हे विचारा. उत्तर सगळ्यांसमोर घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.