पाठीवरचं साल म्हणजे जन्मसाल नव्हे

‘बार्बीच्या पाठीवरचं साल पाहा, बाहुलीचं वय कळेल’ हे तुमच्या बार्बी बाहुल्यांवरच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. याच समजुतीपायी मी इथे न्यू जर्सीतल्या एका जुन्या बाजारात चाळीस डॉलर घालवले. विकणारा ठासून सांगत होता, साठच्या दशकातली आहे म्हणून. कमरेखाली ‘१९६६’ स्वच्छ दिसतही होतं. घरी आणून केस वर केले, तर मानेपाशी १९७६! ही सालं स्वामित्वहक्काची (कॉपीराइटची) असतात, बाहुली बनल्याची नव्हेत. कंबर वळणाऱ्या त्या धडाचं साल १९६६, पण बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीच्या बाहुल्यांवर ते पुढे नव्वदच्या दशकापर्यंत येत राहिलं. १९७६ हे साल ‘सुपरस्टार बार्बी’ या मॉडेलच्या हसऱ्या चेहऱ्याचं, आणि ती बाजारात आली १९७७ मध्ये. तेव्हा डोकं आणि धड दोन्ही बघा. नंतरचं जे साल असेल, त्याआधीची ती बाहुली असूच शकत नाही. देशाचं नावही वाचा. सुरुवातीच्या बार्बी जपानमध्ये बनत. माझ्या बाहुलीवर ‘मलेशिया’ होतं, तिथेच सगळं कळायला हवं होतं.

आणखी एक, कानांबद्दल लेखात काहीच नाही. जुन्या बार्बीच्या कुड्यांच्या धातूच्या दांड्यांमुळे कानाभोवतीचं व्हिनाइल (मऊ प्लास्टिक) हिरवं पडतं, आणि तो डाग हळूहळू गालावर उतरतो. माझ्याकडच्या एकीचा डावा कान असाच गेला. कुड्या आधी काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. त्या घालून फोटो काढायचा असेल तर पाच मिनिटं, बास.