नंबर देऊन टाका की!

डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जावं.

स्वतःची गाणी करणाऱ्या आम्हा लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. काल रात्री एका नव्या मुलीने तिथे विचारलं, "जळगाव-भुसावळकडे कार्यक्रम करायचाय, कोणी ओळखीचं आहे का?" ग्रुपातली निम्मी मंडळी खानदेशात वाजवून आलेली आहेत. भरीत-भाकरीचे फोटो टाकले होते की सगळ्यांनी! मेसेज सगळ्यांनी वाचला. आज दुपारपर्यंत उत्तर एकाचंही नाही. एका महाशयांनी नुसता अंगठा टाकला. अंगठा!

आणि हीच माणसं प्रत्येक मुलाखतीत रडतात, की मुंबई-पुण्याबाहेर आपल्याला सर्किटच नाही, म्हणजे गावोगाव ओळीने कार्यक्रम करत जाता येईल अशी साखळीच नाही. कुठून असणार? संयोजकांचे नंबर तुम्ही सातबाऱ्यासारखे कपाटात कुलूपबंद ठेवलेत.

सांगलीच्या काकांबद्दल मी आधीही लिहिलंय, आज परत लिहिणार. काकांचं औषधांचं दुकान आहे. संगीतातलं काही कळतं असा त्यांचा दावाही नाही. कोणीतरी पाठवलेला आमचा व्हिडिओ बघून त्यांनी सरळ फोन केला, "आमच्याकडं येणार का? तुमचं मानधन आधी सांगा, मग किती माणसं गोळा करायची ते मी बघतो." पुण्यात आजवर मला असं कोणी विचारलेलं नाही. इथे कॅफेवाला आधी फॉलोअर्स विचारतो, मग म्हणतो पैसे नाहीत पण एक्सपोजर मिळेल, आणि वर कॉफीचं बिल लावतो.

काकांनी दोनशे रुपयांची तिकिटं दुकानातच विकली. बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेला माणूस गोळ्या आणि तिकीट घेऊन घरी गेला. कॉलनीच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या, गुडघेवाल्यांसाठी मागे खुर्च्या. दहाला स्पीकर बंद, त्यामुळे साडेसातला सुरू म्हणजे साडेसातलाच सुरू. शेवटी काकांनी एका औषध कंपनीच्या पॅडवर हिशोब लिहून दिला: हॉल, साउंड, चहा, उरलेलं पाकिटात. मला एवढा स्वच्छ हिशोब मोठमोठ्या इव्हेंटवाल्यांनी कधी दिलेला नाही. रात्री काकूंनी मला त्यांच्या मुलीची खोली दिली. बँडमध्ये मी एकटी बाई. लॉजवर दाराला खुर्ची लावून झोपणं काय असतं ते पोरांना नाही कळायचं.

आणि मग काकांनी साडूंना फोन लावला. साडू इचलकरंजीला. साडूंची बहीण साताऱ्यात शिक्षिका, तिच्या ओळखीने वाचनालयाचा हॉल. काकांचा मेव्हणा कराडला. आमचं अख्खं टूरिंग नेटवर्क काकांच्या सासरवाडीवर उभं आहे, हसायचं तर हसा.

पण त्याने गणित बदललं ना! पुण्याहून फक्त कोल्हापूरला जाऊन आलो की गाडी, डिझेल, टोल, जेवण यातच मानधन संपतं. तीच गाडी गुरुवारी सातारा, शुक्रवारी कराड, शनिवारी सांगली, रविवारी इचलकरंजी करून कोल्हापूरला पोचली की खर्च वाटला जातो. कराडला नुसतं जेवण आणि अंथरूण मिळालं तरी चालतं, कारण मोकळी रात्र लॉजवर काढली तर खिशातलेच जातात. हे एकट्याच्या हुशारीने जमत नाही. कराडचा माणूस कोणीतरी सांगावाच लागतो.

हे काही नवीन नाही हो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक केलं ते राजाश्रयावर. १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय सुटला, तेव्हा मंडळी दौऱ्यावर निघाली आणि १८५३ मध्ये मुंबईत खेळ केला. (हे काकांनीच सांगितलं. सांगलीचा माणूस हे सांगितल्याशिवाय जेवायला वाढत नाही.) आणि तमाशावाले बघा. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, एकमेकांच्या शेजारी, आणि गावोगावची माणसं जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. धंद्यातले स्पर्धक, पण बसतात उघड्यावर. त्यांचं पोट त्यावर आहे. आपल्यातल्या निम्म्यांची नोकरी आयटीत, आणि लपवालपवी आपली!

हो, नंबर दिले की ते खराबही होतात, मान्य. आम्ही पाठवलेल्या एका बँडने सांगलीत रात्री पिऊन गोंधळ घातला आणि सकाळी साउंडवाल्याचे पैसे न देता निघून गेले. काकांनी स्वतःच्या गल्ल्यातून दिले. मला हे महिन्याभराने कळलं, तेही काकूंकडून. लाजेने फोन केला तर काका म्हणाले, "पुढच्या टायमाला पोरं जरा बघून पाठवा." पाठवू नका, असं नाही म्हणाले. लिहितानाही घसा दाटतोय, जाऊ दे.

इन्स्टावर वेळ घालवू नका असं मी म्हणत नाही, काकांपर्यंत व्हिडिओच पोचला होता. पण व्हिडिओ सतरंज्या टाकत नाही.

आता कामाचं. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा त्या रस्त्याला लागतोय. आमच्या मागोमाग कोणाला जायचं असेल तर कळवा. ॲम्प आणि माइकचे स्टँड साडूंच्या गोदामात ठेवून येऊ, तुम्ही वापरा आणि परतताना सांगलीला दुकानात टाका. काकांचा नंबर इथे कमेंटमध्ये मागू नका. मी त्यांना विचारून देईन, आणि तुमची गाणी त्यांना आधी ऐकवेन. साउंडवाल्याचे पैसे त्याच रात्री, रोख. माझ्या त्या मित्रांनी ही पोस्ट वाचली असेलच, त्यांनी मागची बाकी काकांना जीपे करावी. अंगठा नको.